हौद्यातले दोन तास

स्वतःचा वाहन चालवण्याचा परवाना स्वतःच्या पायांनी कार्यालयात नेऊन परत करणारा एकच मनुष्य मी आयुष्यात पाहिला. कोणी तो मागितला नव्हता, मुदत संपली नव्हती, दंडही झालेला नव्हता. दर महिन्याच्या एक तारखेला तासगावच्या बसस्थानकाबाहेर ठरावीक जागी उभे राहायचे आणि समोर लागलेल्या एसटीचा नंबर वाचायचा, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. अंतर पावलांनी मोजून पक्के केलेले होते. एका एक तारखेला शेवटचे दोन आकडे वाचता आले नाहीत. डोळे चोळून पुन्हा पाहिले, तरी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते खिडकीसमोर उभे होते आणि आतला कारकून विचारत होता, "आजोबा, परवाना हरवला म्हणून लिहू का?"

"हरवला न्हाई. ह्यो बगा, हातात हाय."

"मग नूतनीकरण करायचंय?"

"न्हाई. जमा करायचाय."

"अहो, पण का?"

"आता बसत न्हाई मला."

अंगरखा आखूड व्हावा तसे ते बोलले. कारकुनाने त्यांना तीन खिडक्यांवर फिरवले आणि चौथ्या खिडकीवर जेवणाची सुटी झाली. तेव्हा त्यांनी मला साताऱ्याला फोन केला. "साहेब, एक पत्र लिवा. ही माणसं घेईनात." मी पत्र लिहिले, सोबत एक खरमरीत स्मरणपत्रही आगाऊ लिहून ठेवले. ते पाठवावे लागले नाही. पोच मिळाली, आणि ती पोच त्यांनी माझ्याकडेच ठेवायला दिली. "तुमच्याकडं कागद जित्ता ऱ्हातो," असे त्यांचे म्हणणे.

हे गृहस्थ तासगावच्या बाहेर, एका बंद पडलेल्या बेदाणा शेडच्या आवारात ट्रक चालवायला शिकवत. सैन्यात वीस-बावीस वर्षे त्यांनी जवानांना गाड्या शिकवल्या होत्या. तिथे शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तेच नाव गावात चिकटले. मीही त्यांना उस्तादच म्हणत असे. वयाने ते माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, उंचीने माझ्या खांद्याएवढे. उन्हाळ्यातही अंगात खाकी स्वेटर असे. का, ते विचारायचे राहून गेले.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती माझ्या कन्येमुळे. ती साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बारा वर्षे तयार मालाची तपासणी करीत होती. कारखाना उठून दुसऱ्या राज्यात गेला. सहा महिने तिने अर्ज केले, मुलाखती दिल्या, आणि एके दिवशी जेवताना शांतपणे सांगितले, "अप्पा, मी ट्रक चालवणार." वय छत्तीस, पदरात आठवीतली मुलगी, नवरा वेगळा राहतो. तासगावला माझ्या मेव्हणीच्या शेजारी एक द्राक्षांचे व्यापारी आहेत. त्यांनी शब्द दिला होता: "बाई चालीवणार आसंल तर माजं काय म्हणणं न्हाई. पर हंगाम सुरू व्हायच्या आत अवजड गाडीचं लायसन दावा. त्या दिवशी चावी देतो. उशीर झाला तर दुसऱ्याला दिली म्हणून रुसायचं न्हाई."

एवढ्यावर आमचे सगळे अवलंबून होते. हंगामाला चार महिने होते. मोटारीचा परवाना तिच्याकडे फार वर्षांपासून होता, त्यामुळे अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळायला अडचण नव्हती. प्रश्न होता शिकायचे कुठे.

हा प्रश्न मी माझ्या हाती घेतला. मी तेहतीस वर्षे न्यायालयीन सेवेत होतो, निवृत्त होताना सहायक अधीक्षक होतो. नियम हा मला वाचण्याचा विषय वाटतो आणि त्याचे उल्लंघन हा पत्र लिहिण्याचा. मोटार वाहन नियमांतले प्रशिक्षण शाळांविषयीचे प्रकरण मी दोनदा वाचले, त्यावरून तेरा प्रश्नांची एक यादी केली, आणि सातारा-सांगलीतल्या सहा शाळांना भेटी देण्याचा कार्यक्रम आखला. यादी पाहून कन्या म्हणाली, "अप्पा, मला गाडी शिकायचीय. शाळेला आरोपीच्या पिंजऱ्यात नाही उभं करायचंय."

पण पिंजराच योग्य होता, असे माझे मत आजही कायम आहे. पहिल्या शाळेच्या मालकाने प्रश्न क्रमांक एकवरच मला थांबवले. "काका, गाडी कशाला बघताय? सर्टिफिकेट बघा की. ताईंना यायची पण गरज नाही. सही केली की झालं." दुसरीकडे वातानुकूलित खोलीत पडद्यासमोर एक स्टिअरिंग बसवले होते आणि काउंटरवरची मुलगी मला तीन पॅकेजे समजावून सांगत होती. ट्रक कुठे आहे, विचारल्यावर तिने पडद्याकडे बोट दाखवले. रहिमतपूरकडच्या एका शाळेत ट्रक होता. पण चाकांना वेल चढला होता आणि बॅटरीच्या खोक्यात कुणीतरी कांदे ठेवले होते. या तिन्ही शाळांच्या नोंदवह्या मी पाहिल्या. तिन्ही निर्मळ! प्रत्येक विद्यार्थी रोज बरोबर एक तास गाडी चालवत होता. एकालाही ताप आलेला नव्हता, एकाच्याही घरी लग्न नव्हते. संतापात मी टिपणे इतकी घाईने खरडली की पुढे ती मलाच वाचता येईनात.

उस्तादांची शाळा यादीत पाचवी होती.

आम्ही पोचलो तेव्हा ते एका तरण्या माणसाला परत पाठवत होते. तो काकुळतीला आला होता. "उस्ताद, आवं मी लय जागू शकतो. सलग दोन राती जागतो. इचारा कुनालाबी."

"म्हणूनच न्हाई घेणार तुला. जा, झोप काढून ये. म्हैनाभर झोप, मग ये."

मग ते माझ्या कन्येकडे वळले. नाव विचारले नाही, शिक्षण विचारले नाही. "झोप कशी लागती?"

"पडल्या पडल्या," ती म्हणाली.

"दुपारची?"

"मिळाली तर तीही."

"ब्येस. उद्यापास्नं या."

मी तेरा प्रश्न पुढे केले. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून पूर्ण वाचला, घडी घालून स्वेटरच्या आत ठेवला आणि म्हणाले, "साहेब, ह्येची उत्तरं तोंडी देऊ का चालीवून दावू?" मग त्यांनी त्या जुन्या पण लखलखीत ट्रकमध्ये मला शेजारी बसवून आठ किलोमीटर फिरवले. विद्यार्थ्याच्या बाजूला आणि शिकवणाऱ्याच्या बाजूला असे दोन्हीकडे ब्रेक आणि क्लच होते. माझ्या यादीतला हा चौथा प्रश्न. परत येईपर्यंत तेरापैकी अकरा प्रश्नांची उत्तरे मला मिळालेली होती. शिकण्यापुरती कन्या मेव्हणीकडे राहू लागली आणि मी साताऱ्याहून येऊन-जाऊन असे.

त्यांच्या सवयींविषयी मला तेव्हापासून जे कुतूहल लागले ते अजून पुरते फिटलेले नाही. बंद ट्रकच्या समोरून ते कधी जात नसत. नेहमी मागून वळसा. इंजिन उघडून बाहेर काढलेले असले तरी मागूनच. विचारले तर म्हणत, "बंद गाडीच्या म्होरं जायची सवय लागली, की चालूच्या बी म्होरं जातो माणूस." विद्यार्थी कोणीही असो, त्याला ते 'जवान' म्हणत. माझी कन्याही जवान. "जवान, चप्पल घालून न्हाई बसायचं. जवान, आरशात स्वतःला न्हाई बगायचं, मागचा बगायचा."

हॉर्नचा तर ते हिशेबच मागत. गाडी आवारात लावली की प्रश्न सुरू: "तीन येळा वाजिवलास. पयला कशापायी?" "सायकलवाला आला उस्ताद." "कवा दिसला?" "जवळ आल्यावर." "म्हंजी तू उशिरा बगितलास आन् त्येला ओरडलास. हॉर्न म्हंजी कबुली असती, जवान. तुजी, त्येची न्हवं." एकदा कन्येने सबंध फेरीत एकदाही हॉर्न वाजवला नाही आणि ऐटीत उतरली. ते म्हणाले, "मदल्या वळणावर वाजवाया पायजे व्हता. कबुली द्यायची भीती बी वंगाळ."

एसटीने प्रवास करताना ते चालकाच्या मागच्याच बाकावर बसत. त्यांचा उजवा पाय पूर्ण प्रवासभर जमिनीवर ब्रेकसारखा दाबला जाताना आणि सुटताना मी पाहिला आहे. उतरताना चालकाच्या खिडकीखाली जाऊन ते मनापासून शेरा देत. "भोसे फाट्याला तिसरा टाकायची घाई केलीसा. बाकी झ्याक." बहुतेक चालक हसत. एकाने विचारले, "आजोबा, तिकीट काढलंय न्हवं? मग बसा की गप." उस्ताद म्हणाले, "तिकीट बसायचं हाय. शेरा फुकट."

आता हौद्याची गोष्ट. हौदा म्हणजे ट्रकचा मागचा, माल भरायचा भाग. उस्तादांच्या शाळेत दर विद्यार्थ्याला शिक्षणाच्या काळात दोन तास त्या हौद्यात बसावे लागे. पुढे दुसरा विद्यार्थी गाडी चालवतो आहे, शेजारी उस्ताद आहेत, आणि मागे द्राक्षांच्या रिकाम्या क्रेटच्या मध्ये हा एकटा, डोळे मिटून. उतरल्यावर त्याने सांगायचे: गाडी कुठे वळली, कुठे गिअर पडला, कुठे उशिरा ब्रेक लागला. "मालाच्या जागी बस," एवढीच आज्ञा असे.

मालवाहू वाहनाच्या हौद्यात सार्वजनिक रस्त्यावर माणूस बसवून नेणे नियमाला धरून नाही. मी हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगितले, कलमासह.

"व्हय, ठावं हाय," ते म्हणाले.

"ठाऊक असून करता?"

"आवं साहेब, नवा व्हतो तवा माझ्या गाडीत मागं जवान बसलेलं. एका वळणावर मी ब्रेक मारला. मला वाटलं, झ्याक मारला. मुक्कामाला उतरलो, तर त्यातला एकजण म्होरं आला. शिवी न्हाई, काय न्हाई. मूठ उघडून नुस्ता दात दावला त्यानं. त्येचाच. म्होरं बसून कवाच कळत न्हाई मागं काय हुतंय त्ये."

"मग हे शेडच्या आवारात करा. खासगी जागेत मी आक्षेप घेणार नाही."

"आवारात खड्डं कुठं हाईत?"

त्या रस्त्याच्या खड्ड्यांविषयी मी तोवर बांधकाम खात्याला चार पत्रे पाठवली होती. त्यांचा शिक्षणासाठी कोणाला उपयोग होत असेल, हे माझ्या मनात आले नव्हते.

कन्या हौद्यातून पहिल्यांदा उतरली तेव्हा तिचे कोपर सोलवटले होते. मी उसळलो. तिने मला हाताने गप्प केले आणि क्रेटवर बसून राहिली. मग म्हणाली, "अप्पा, बारा वर्षं मी माल तपासला. पेटी फुटली की पुरवठादाराला नोटीस काढायची. पेटी काय सोसून येते ते आज कळलं." त्यानंतर तिचे गाडी चालवणे बदलले, हे मी शेजारी बसून अनुभवले. ती चढावर गिअर टाके तेव्हा माझ्या हातातला वर्तमानपत्राचा कागदही हलत नसे.

आणि उस्तादांची नोंदवही! प्रत्येक विद्यार्थ्याने किती तास चालवले याची वही प्रत्येक शाळेला ठेवावीच लागते. इतरांच्या निर्मळ वह्यांनंतर ही वही मी हाती घेतली आणि उभ्या उभ्या चाळीस पाने वाचली. "आज पाऊस. चालवली नाही." "आज विद्यार्थ्याचे मन लागत नव्हते, बायको माहेरी. अर्धा तास धरावा." "आज उस्तादाची दाढ दुखत होती. शिकवणे बरोबर झाले नाही. तास धरू नये." आणि दर विद्यार्थ्याच्या नावापुढे, स्वच्छ अक्षरात: "हौद्यात, एक तास." पुन्हा काही दिवसांनी: "हौद्यात, एक तास." हे तास त्यांनी एकूण बेरजेत धरलेले होते, कारण त्यांच्या मते तेच खरे शिकणे. न्यायालयात मी असंख्य वह्या हाताळल्या. स्वतःविरुद्ध पुरावा रोज संध्याकाळी स्वतः लिहिणारा मनुष्य मी दुसरा पाहिला नाही.

यानंतर मी जे केले ते मला लिहिलेच पाहिजे.

त्या बनावट शाळांचा संताप माझ्या डोक्यातून गेला नव्हता; चौथी आणि सहावीही त्यांतल्याच निघाल्या होत्या. ज्या माणसाने ट्रकला हातही लावलेला नाही, तो उद्या उसाच्या ट्रॉल्यांच्या गर्दीत वीस टन घेऊन उतरणार, आणि त्याच्याजवळ शिक्क्याचा कागद असणार! मी परिवहन खात्याला सविस्तर तक्रार लिहिली. सोबत सहाही शाळांचा तुलनात्मक तक्ता जोडला. शेवटचा रकाना होता 'आढळलेल्या त्रुटी'. पाचव्या ओळीपाशी माझी लेखणी थांबली. पण जो आपल्या माणसापुरता रकाना कोरा ठेवतो, त्याला इतरांचे रकाने भरण्याचा अधिकार नाही, असे मी आयुष्यभर मानत आलो. मी लिहिले: "प्रशिक्षणार्थींना हौद्यात बसवून सार्वजनिक रस्त्यावर नेले जाते. शाळेच्या नोंदवहीतच तशा नोंदी आहेत." तक्ता टंकून, तीन प्रती काढून, मी तो डाकेने रवाना केला. कन्येला दाखवला नाही.

तपासणी झाली. पाच शाळांच्या वह्या नियमाप्रमाणे चोख आढळल्या. उस्तादांच्या वहीत हौदा सापडला, आणि त्यांच्या शाळेचा परवाना निलंबित झाला. कन्येचे तास आदल्याच दिवशी पूर्ण झाले होते. फक्त शाळेचे प्रमाणपत्र मिळायचे होते. आता ते देण्याचा अधिकार शाळेला राहिला नव्हता. चाचणीची तारीख तीन आठवड्यांवर, हंगाम त्यानंतर आठवडाभरात.

ती घरी आली, माझ्या टेबलावरची स्थळप्रत उचलून तिने वाचली. ओरडली नाही. "अप्पा," ती म्हणाली, "चोरांच्या यादीत तुम्ही साक्षीदाराचं नाव घातलंत."

दुसऱ्या दिवशी मी तासगावला गेलो. उस्ताद क्रेट धूत बसले होते.

"ते पत्र मी लिहिले," मी म्हणालो.

"ठावं हाय. त्येंनी दावलं. भाषा वळखली मी."

"राग आला असेल."

"पत्रात खोटं काय व्हतं?"

"काहीच नाही."

"मंग?" त्यांनी क्रेट पालथा घातला. मग म्हणाले, "पर तक्त्यात माजा नंबर पाचवा लावला तुमी. त्ये काय बरं वाटलं न्हाई."

तो क्रम भेटींच्या तारखांप्रमाणे आहे, गुणवत्तेप्रमाणे नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांचे समाधान झालेसे दिसले नाही.

निलंबनाविरुद्ध अपील करता येते. मी त्याच दुपारी मसुदा केला. त्यात एक वाक्य होते: "सदर प्रकार अनवधानाने घडला असून पुन्हा घडणार नाही." मी वाचून दाखवत होतो, त्यांनी हात वर केला.

"अनवधान म्हंजी काय?"

"लक्षात न राहिल्यामुळे. चुकून."

"चुकून न्हाई. समजून केलं. बारा वर्सं केलं."

"उस्ताद, अपिलात असे लिहिण्याची रीत आहे."

"म्हंजी सगळ्यांनी लिवलं की खरं हुतं व्हय?"

मी फार चिडलो. हा मनुष्य स्वतः बुडेल आणि माझ्या मुलीलाही बुडवील, असे मी त्यांना तोंडावर सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पुन्यांदा करणार न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या. हुकूम आला तर करणार न्हाई. पर चुकून केलं म्हणून लिवू नका. पोरांना काय सांगू मी?" शेवटी अपील त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गेले: हेतुपुरस्सर केले, कारणासह, आदेश झाल्यास बंद करू.

सुनावणीला मी होतो. अधिकारी तरुण होते, वाईट नव्हते. त्यांनी वही पुढे सरकवली. "बाकी कुणाच्या रजिस्टरमध्ये असं काही नाही. तुमच्याच का?"

आता उस्तादांनी बाकीच्यांचे पितळ उघडे करावे म्हणून मी त्यांच्या पायाला पाय लावला. ते म्हणाले, "बाकीच्यांचं मला ठावं न्हाई, साहेब. माजं मी लिवलंय."

आदेश चार दिवसांनी, चाचणीच्या दिवशी सकाळीच मिळणार, असे कळले. तेवढ्यासाठी उस्ताद ट्रक घेऊन पहाटेच निघाले आणि चाचणीच्या मैदानाबाहेर येऊन थांबले. कन्या चालकाच्या जागेवर बसून होती. तिचा क्रमांक अकराचा. दहा वाजता मी कार्यालयातून आदेश घेऊन जवळजवळ पळतच आलो; मला पाहून कन्येने इंजिन सुरू केले. निलंबन मागे घेतले होते! उस्तादांनी कागद माझ्याकडूनच वाचून घेतला. मीही घाईत वाचत होतो, आणि शेवटचा परिच्छेद मला दोनदा वाचावा लागला. "हौद्यातील तास हे प्रत्यक्ष वाहन चालवण्याचे तास नसल्याने एकूण बेरजेत धरता येणार नाहीत."

त्यांनी वही ट्रकच्या पायरीवर ठेवली. खिशातून लाल पेन आणि मोजपट्टी काढली. कन्येच्या नावापुढच्या हौद्याच्या दोन ओळी पट्टी लावून सरळ खोडल्या. खाली नवी बेरीज मांडली. नियमाने लागणाऱ्या तासांना दोन तास कमी पडत होते.

सव्वादहा वाजले होते. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळत होती. तोवर हंगाम सुरू झालेला असणार आणि चावी दुसऱ्याच्या हातात गेलेली असणार. मी त्या पानाकडे पाहत होतो. त्यात मध्ये एक ओळ कोरी होती. एका रविवारची.

आणि मी म्हणालो, "उस्ताद, त्या रविवारी तिने चालवलीच असेल की. नोंद राहून गेली असेल."

हे वाक्य मी तेहतीस वर्षे ऐकले होते. 'नोंद राहून गेली असेल.' ज्यांनी ज्यांनी ते माझ्या टेबलासमोर उभे राहून उच्चारले, त्यांच्यावर मी टिपणी ठेवली, एकाची वेतनवाढ रोखली. ते माझ्याच तोंडून, माझ्याच आवाजात, अगदी सफाईने बाहेर पडले.

उस्तादांनी लाल पेन खिशात ठेवले, निळे काढले, टोपण उघडले, आणि वही माझ्याकडे फिरवून पेन माझ्या हातात दिले. "लिवा," ते म्हणाले. "तुमी लिवा. खाली सही मी करतो."

दोन तास. तिने ते चालवले नव्हते म्हणावे, तर गाडी ती परीक्षकापेक्षा बरी चालवत होती. दोन तास कमी पडले तेही माझ्याच पत्रामुळे. मला एक बाजू मांडायची असती, तर मी ती उत्तम मांडली असती. पेनाचे टोक मी त्या कोऱ्या ओळीवर टेकवले. तिथे शाईचा एक ठिपका पडला.

"अप्पा, काय ठरलं?" वरून कन्येने विचारले. तिने काच खाली केली होती. किती वेळ आमच्याकडे पाहत होती, मला माहीत नाही. मी वर पाहिले. तिने माझा चेहरा वाचला, मग पायरीवरची वही पाहिली, आणि चावी फिरवून इंजिन बंद केले. "उतरते मी," ती म्हणाली. "पुढची तारीख घेऊ."

मी टोपण लावून पेन परत दिले.

राहिलेले दोन तास तिने त्याच आठवड्यात पूर्ण केले. तीन आठवड्यांनी ती पहिल्याच फेरीत उत्तीर्ण झाली. व्यापाऱ्याने शब्दाप्रमाणे चावी दुसऱ्याला दिलेली होती, आणि त्यात त्याची चूक नव्हती. तो हंगाम आम्हाला फार जड गेला. नातीची शिकवणी बंद करावी लागली. पुढे जून महिन्यात कन्येला सांगलीहून साताऱ्याकडे पशुखाद्य नेणारी गाडी मिळाली. द्राक्षांइतका तिचा दिमाख नाही, पण ती बारमाही आहे. त्या पाच शाळांविरुद्धची माझी तक्रार प्रलंबित आहे. सातवे स्मरणपत्र गेल्या सोमवारी गेले.

परवाना परत केला त्या दिवशी उस्तादांनी शाळाही बंद केली. दोघे चहा पीत बसलो असता मी त्यांना ते विचारले. न विचारता मला राहवत नव्हते. चाचणीच्या दिवशी मी ती कोरी ओळ भरली असती, तर तुम्ही खाली सही केली असती का?

त्यांनी बशीतला चहा संपवला. मग रस्त्याकडे पाहिले. मला वाटले, ते एखादा हॉर्न मोजताहेत.

"पोर चांगली चालीवत व्हती," ते म्हणाले. "माजं बी मन झालतं लिवायचं. म्हणून तर पेन तुमच्याकडं दिलं."